डोंगरातली हाफ मॅरेथॉन आणि घरच्यांची सहल, दोन्ही एकाच वीकेंडला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

घरातलं एक माणूस धावणारं आणि बाकीचे फिरायला म्हणून निघालेले, अशी कुटुंबं पावसाळा सरता सरता साताऱ्यात हमखास दिसतात. धावणाऱ्याच्या डोक्यात शर्यतीतला यवतेश्वरचा घाट. घरच्यांच्या डोक्यात कासची फुलं, ठोसेघरचा धबधबा आणि कंदी पेढे. एका वीकेंडमध्ये हे सगळं बसतं, पण क्रम चुकला की धावणाऱ्याचे पाय जातात आणि बाकीच्यांचा मूड जातो. आमच्याकडे धावणारी मी. सोबत नवरा, दोन पोरं आणि बहुतेक वेळा सासूबाई. सगळ्यांच्या तऱ्हा सांभाळून जे जमत गेलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. उदाहरण साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं (साधारण २१ किलोमीटर) घेतलंय, कारण डोंगरात धावायची सुरुवात बरेच मराठी लोक तिथूनच करतात. दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी जाणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

तीन गोष्टी आधीच सांगते, बाकी सगळं त्यांच्याभोवतीच आहे: भटकंती शर्यतीनंतर करायची, मुक्काम रविवारी रात्रीचाही करायचा आणि परतताना धावणाऱ्याने गाडी चालवायची नाही.

१. आधी कॅलेंडर, मग घरचे, मग नोंदणी

बहुतेक जण उलटं करतात. नोंदणी उघडल्याचा मेसेज ग्रुपवर आला की रात्रीच पैसे भरून मोकळे, आणि सकाळी चहाच्या वेळी घरात जाहीर करतात. तिथूनच कुरबुरी सुरू होतात.

साताऱ्याची शर्यत साधारण पावसाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात असते आणि गणपतीही त्याच सुमारास येतात. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. घरी गणपती बसत असेल, गौरी असतील, तर आदल्या-नंतरच्या आठवड्यात काय काय असतं ते धावणाऱ्याला आठवत नाही, पण जी व्यक्ती ते सगळं निभावते तिला पक्कं आठवतं. तिला आधी विचारा. दुसरं म्हणजे गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत कोकणात जाणारे बरेच चाकरमानी पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यानेच उतरतात. त्या वेळी खंबाटकीला गाड्यांच्या ज्या रांगा लागतात, त्यात पोरं मागच्या सीटवर अडकली की सहलीचा पहिलाच अंक पडतो.

मुलांच्या सहामाही-चाचणीच्या तारखा बघा. सोमवारची सुट्टी मिळते का, तेही आत्ताच बघा. ती मिळत नसेल तर मी सरळ सांगते, फक्त शर्यतीला जा, सहल वेगळी काढा.

२. शर्यत निवडताना

पहिल्या वेळेला दीड-दोनशे किलोमीटरच्या आतलं ठिकाण घ्या. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, मुंबईहून अडीचशे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, कासचं पठार १,२०० च्या आसपास. म्हणजे चढ भरपूर, पण हवा विरळ होण्याचा प्रश्न नाही.

लेहच्या मॅरेथॉनचे फोटो बघून कुणाच्या मनात आलं असेल, तर लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे शरीर रुळायलाच काही दिवस द्यावे लागतात, मुलांना आणि वयस्कर माणसांना तर जास्तच. ती वीकेंडची गोष्ट नव्हे. लोणावळ्यात टाटा अल्ट्रा नावाची शर्यत होते, पण तिथली अंतरं ३५ आणि ५० किलोमीटर. पहिल्यांदा डोंगरात धावणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि तुम्ही स्वतः? सपाटीवर दहा किलोमीटर न थांबता, बोलत बोलत धावता येत असतील तर तीन-साडेतीन महिन्यांत डोंगरातल्या हाफची तयारी होते. अजून पाचच किलोमीटर होत असतील तर यंदा घरच्यांबरोबर कासला जा आणि शर्यत पुढच्या वर्षी करा. रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखण्याचा इतिहास असेल किंवा चाळिशी उलटल्यावर नव्याने धावायला लागला असाल, तर डॉक्टरांना दाखवूनच फॉर्म भरा.

३. नोंदणीचा फॉर्म

साताऱ्याच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे नोंदणी उघडायच्या दिवशी हे जवळ ठेवा:

- फोटो असलेलं ओळखपत्र. फॉर्मवरचं नाव आणि त्यावरचं नाव जुळलं पाहिजे.
- रक्तगट. अंदाजाने टाकू नका, खात्री नसेल तर तपासून घ्या.
- आपत्कालीन संपर्काचा नंबर.
- टी-शर्टचं माप. मापाचा तक्ता उघडून बघा, नेहमीच्या एल-एक्सएलवर विसंबू नका.
- आधीच्या एखाद्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र असेल तर ते. काही ठिकाणी त्यावरून तुम्हाला कोणत्या गटात उभं करायचं ते ठरतं.

आपत्कालीन नंबराची जरा गंमत आहे. जवळजवळ सगळे नवरा-बायकोचाच नंबर देतात. पण ती व्यक्ती तुमच्याबरोबर साताऱ्यातच असेल, दोन पोरं आणि एक म्हातारं माणूस सांभाळत, कदाचित रेंज नसलेल्या कोपऱ्यात. तोच नंबर द्या, फक्त त्या सकाळी तो फोन चार्ज असेल, सायलेंटवर नसेल आणि अनोळखी नंबर उचलला जाईल एवढं ठरवून ठेवा.

नोंदणीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आणि दुसऱ्याच्या बिबवर (छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावर) धावायचा मोह कितीही झाला तरी धावू नका. 'मित्राला जमत नाहीये, तू धाव' हे दरवर्षी ऐकू येतं. रस्त्यात चक्कर येऊन पडलात तर डॉक्टरांच्या हातात त्या मित्राचं वय, त्याचा रक्तगट आणि त्याच्या बायकोचा नंबर पडतो.

४. मुक्काम

नोंदणी झाली की त्याच दिवशी खोली बघा. शर्यतीच्या वीकेंडला साताऱ्यातल्या बऱ्या खोल्या आधी जातात आणि नंतर उरतात त्यांचे दर बघवत नाहीत. ऑनलाइन बुक करताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील असाच पर्याय घ्या, मग थोडे जास्त पडले तरी चालतील. पावसाळ्यात पोरांना ताप येतोच.

हॉटेलला फोन करून विचारायच्या गोष्टी अशा:

शनिवार आणि रविवार, दोन्ही रात्री मिळतील ना? रविवारी सकाळी चेकआउट ठेवलंत तर अंगावर घामाची मीठं, पायात पेटके आणि खोलीची किल्ली मागायला दारात माणूस, असा प्रकार होतो. लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजला मिळेल का? हा प्रश्न सासूबाईंसाठी म्हणून विचारा, रविवारी दुपारी त्याचा फायदा तुम्हालाच होईल. पहाटे चारला गरम पाणी येतं का, की सौर हीटर आहे? ढगाळ हवेत सौर हीटरचं पाणी कोमटच असतं. आणि शर्यतीसाठी जे रस्ते बंद होतात त्यांच्या आत हॉटेल आहे का? तसं असेल तर गाडी सकाळी बाहेरच निघत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीला राहून पहाटे साताऱ्याला येऊ, असा बेत काही जण करतात. नकाशावर बरा वाटतो. मेढ्याकडून उतरणारा घाट, पाऊस, धुकं, अंधार, आणि गाडीत पेंगणारी पोरं. शनिवारची रात्र साताऱ्यातच काढा. महाबळेश्वर जायचंच असेल तर रविवारी दुपारी जाऊन तिथे राहा.

५. डोंगराची तयारी: उतार विसरू नका

सगळे चढाला घाबरतात. साताऱ्याच्या रस्त्यावर समर्थ मंदिर, बोगदा मागे पडलं की घाट सुरू होतो, वळणबिंदूपर्यंत बहुतेक चढच आहे आणि आलात त्याच रस्त्याने उतरायचं. म्हणजे निम्मी शर्यत उताराची आहे आणि पाय मोडतात ते उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. त्यात त्याचे बारीक धागे दुखावतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात. यावर उपाय एकच, आधीच थोडा थोडा उतार खाऊ घालणे. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधीपर्यंत दोन-तीनदा लांब उतार धावून झाला असेल तर स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतात.

आठवड्याचा साधा आराखडा असा ठेवा:

- एक दिवस चढाची उजळणी. मिनिट-दीड मिनिटाचा चढ जोर लावून चढायचा, चालत उतरायचं. सहापासून सुरू करून दहापर्यंत न्या.
- एक-दोन दिवस निवांत धावणं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.
- एक दिवस लांब पल्ला. आठपासून वाढवत अठरा किलोमीटरपर्यंत. एक आड एक आठवडा तो चढ-उताराच्या रस्त्यावर करा.
- दोनदा पंधरा-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम: बैठका, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, आणि पायरीवरून एका पायावर हळूहळू उतरणं. हा शेवटचा कंटाळवाणा आहे, आणि उताराला सगळ्यांत उपयोगी तोच.

पुण्यात असाल तर वेताळ टेकडी, तळजाई, आणि जमेल तेव्हा सिंहगडाचा रस्ता. सिंहगडाला रविवारी पहाटे लवकर जा. नंतर गाड्या, भजी आणि गर्दी यांतून धावता येत नाही. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे. जिथे काहीच नाही तिथे उड्डाणपूल किंवा सोसायटीचा जिना. जिन्याला नावं ठेवू नका.

घाटात घड्याळातला वेग बघायचा नाही, श्वास बघायचा. पावलं आखूड, नजर दहा-पंधरा फूट पुढे, हात थोडे जोरात. दम फुलला की तीस-चाळीस पावलं चाला, मग पुन्हा धावा. चालायची लाज वाटायचं काहीच कारण नाही. चढावर चालणारा शहाणा माणूस पुढे उतारावर भेटतो आणि हात करून निघून जातो. उतरताना मागे रेलू नका. टाच रोवून ब्रेक लावत उतरलं की गुडघे बोलू लागतात. पावलं छोटी आणि भरभर टाका, अंग रस्त्याला किंचित झुकतं ठेवा.

वेळेची अपेक्षा सपाटीवरच्या हाफपेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी तरी जास्त धरा आणि घरच्यांना सांगताना त्यात अजून अर्धा तास मिळवा. त्यांना मैदानावर ताटकळत ठेवण्यापेक्षा ते आले तेव्हा तुम्ही केळं खात बसलेलं बरं.

शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करायचं. या दिवसांत 'तयारी कमी पडली' असं वाटून कुणीतरी गुपचूप वीस किलोमीटर धावून येतं. त्याऐवजी झोपा, आणि घरातली साचलेली कामं करा. मागच्या तीन महिन्यांच्या रविवार सकाळींचं देणं असतं ते.

६. पिशवी भरताना

धावण्याची पिशवी वेगळी आणि सहलीची बॅग वेगळी. एकत्र भरलं की पहाटे चारला दिवा लावून सगळ्यांना उठवावं लागतं.

धावण्याच्या पिशवीत: निदान दीड-दोनशे किलोमीटर वापरलेले बूट (नवे करकरीत अजिबात नकोत), मोज्यांचे दोन जोड, समोर छप्पर असलेली टोपी म्हणजे पाऊस डोळ्यांत जात नाही, चार-पाच सेफ्टी पिना, व्हॅसलीन, पुरुषांनी छातीवर लावायला चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं, एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी (सुरुवातीला पावसात उभं राहताना गळ्यात घालायला), आणि जुनी वर्तमानपत्रं. ओल्या बुटांतले इनसोल काढून आत कागदाचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे, सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. पायाची नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

कागदपत्रं एका पारदर्शक पाकिटात: मूळ ओळखपत्र, नोंदणीचा मेल छापून, हॉटेलचं बुकिंग, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. एसटीने जात असाल तर आधार कामाला येतं. महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढे मोफत; वाहक वयाचा पुरावा मागतो. आमच्या सासूबाई हे तिकीट घेताना ज्या ऐटीत कार्ड काढतात, ते बघण्यासाठी तरी एकदा एसटीने जावं.

घरच्यांसाठी: छत्र्यांपेक्षा रेनकोट, कारण घाटात वारा छत्री उलटी करतो. प्रत्येकाचा कपड्यांचा एक जास्तीचा जोड गाडीतच, आणि वयस्करांची औषधं दोन दिवस जास्तीची.

७. शनिवार: पोचायचं, बिब घ्यायचं, गप पडायचं

घरून सकाळी सहापर्यंत निघा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते शुक्रवारी बघा, खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोलनाके लागतात. रेल्वेने जायचं तर सातारा स्टेशन पुणे-मिरज मार्गावर आहे, पण गावापासून दूर, माहुलीकडे. तिथून रिक्षा करावी लागते. स्वारगेटहून एसटी मात्र शहरातच आणून सोडते.

घाटात मुलांना मळमळतं. त्यांच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. निघताना पोटभर दूध-बिस्किटं नकोत, थोडं कोरडं खाणं द्या. खिशात आलेपाक ठेवा. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी, उलटी झाल्यावर नव्हे.

बिब घ्यायला घरच्या सगळ्यांना नेऊ नका. बूट, चष्मे, एनर्जी जेलचे स्टॉल असतात, रांग असते, पोरं कंटाळतात. त्यांना हॉटेलवर उतरवून तुम्ही एकट्याने जा. पाकीट तिथेच उघडा आणि बिबवरचं नाव, नंबर, वेळ मोजायची चिप तपासा. साधारणपणे चिप बिबच्या मागेच चिकटवलेली असते. ती पट्टी दुमडू नका, बिबची घडी घालू नका. मागच्या बाजूला वैद्यकीय माहितीची जागा असेल तर ती त्याच संध्याकाळी बॉलपेनने भरा, घेत असलेल्या औषधांसकट. मग टी-शर्ट पलंगावर अंथरून बिब छातीच्या मधोमध चारही कोपऱ्यांत पिनांनी लावून टाका. अंगात घातलेल्या शर्टावर पहाटे अर्धवट झोपेत लावलं की ते तिरकं बसतं आणि पिनांचं टोक पोटाला लागतं.

दुपारी 'आलोच आहोत तर जरा सज्जनगड करू' असा सूर घरातून निघेल. तिथेच ठाम राहा. घरच्यांना जाऊ दे, तुम्ही झोपा. 'चार भिंती' या स्मारकाकडे किंवा राजवाड्याच्या बाजूला संध्याकाळी थोडं चाललात तर चालेल, तेवढंच.

जेवण सात-साडेसातला. भात, वरण, दही. साताऱ्यात आल्यावर तांबडा रस्सा खावासा वाटतो, तो रविवारी रात्री. पेढा एखादा खा, पावशेर नको.

८. रविवार सकाळ: धावणाऱ्यासाठी

उठणं सुरुवातीच्या अडीच तास आधी. रोजच्या लांब पल्ल्याआधी जे खाता तेच खा: केळं, ब्रेड-पीनट बटर, दोन खजूर, थोडा चहा. हॉटेलचं किचन तेव्हा बंद असतं, त्यामुळे हे सगळं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. पोट साफ व्हायला वेळ द्या. मैदानावरच्या शौचालयांपुढची रांग बघूनच पोटात गोळा येतो.

दुखू नये म्हणून आधीच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेणारे भेटतील. पाण्याच्या कमतरतेत या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. घेऊ नका.

पाणी प्रत्येक स्टॉलवर दोन-तीन घोट. थंड, पावसाळी हवेत तहान लागत नाही म्हणून काही जण पितच नाहीत, तर काही जण घाबरून ग्लासावर ग्लास रिचवतात. नुसतं पाणीच भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची चिन्हं. तहानेप्रमाणे प्या. ओआरएस घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं आहे का ते पाकिटावर बघा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवा. मोठं पाकीट सहसा एक लिटरचं असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतलं की भलतंच खारट होऊन पोट बिघडतं.

पहिले दोन-तीन किलोमीटर शहरातून जातात. ढोल, टाळ्या, गॅलरीत उभ्या बायका, हात पुढे करून टाळी मागणारी पोरं. सातारकर खरंच मनापासून येतात रस्त्यावर. त्या भरात वेग वाढतो आणि त्याचं बिल घाटात येतं. टाळ्या घ्या, वेग तोच ठेवा.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, रस्ता तिरका वाटायला लागला तर थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीच्या मदतीसाठी ११२.

९. रविवार सकाळ: घरच्यांसाठी

हा भाग धावणाऱ्याने वाचून दाखवावा.

पहाटे सगळ्यांनी उठून मैदानावर यायची काही गरज नाही. तीन तास उभं राहून माणूस एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी अर्धा मिनिट दिसतो. नीट झोपा, नाश्ता करा, आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी शेवटच्या रेषेपाशी चालत जा. गाडी नेऊ नका. कासकडे जाणारा रस्ता हाच शर्यतीचा रस्ता आहे, त्यामुळे 'तोवर आम्ही कास करून येतो' हे त्या सकाळी शक्य नसतं.

भेटायची जागा आदल्या दिवशी ठरवा, आणि ती शेवटच्या रेषेजवळ अजिबात नको. तिथे सगळेच भेटत असतात. जरा लांबचं एखादं दुकान किंवा ठळक फाटक घ्या. फोन लागला नाही तरी तिथेच थांबायचं, असं नक्की करा. धावणारा माणूस आला की लगेच मिठ्या, सेल्फी, 'किती वेळ लागला?' हे सगळं पाच मिनिटांनी. आधी त्याला चालू द्या, कोरडा शर्ट द्या, काहीतरी खारट-गोड खायला द्या. एकदम थांबून बसलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते.

१०. आता फिरा, पायऱ्या मोजून

रविवार दुपार झोपेची. संध्याकाळपासून ठिकाणं निवडायची ती एकाच कसोटीवर: तिथे उतरायला पायऱ्या किती?

अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत गाडी जाते, वरून सगळं शहर दिसतं. पहिल्या संध्याकाळी हेच बरं. ठोसेघरला पुढे थोडं चालणं आणि पायऱ्या आहेत. मांड्या बघून ठरवा. सज्जनगडाला गाडीतळापासून पायऱ्याच पायऱ्या. चढताना काही वाटणार नाही, उतरताना कठड्याला धरून आडवं उतरावं लागेल आणि सासूबाई पुढे निघून जातील. समाधीचं दर्शन घरच्यांनी शनिवारीच केलेलं असलं तर उत्तम.

कासला सोमवारी सकाळी जा. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी करूनच निघा. शनिवार-रविवारच्या गर्दीपेक्षा सोमवार केव्हाही बरा. पठार बहुतेक सपाट, त्यामुळे दुखऱ्या पायांना चालतं. पठार म्हणजे फुलांचे गालिचे अशी कल्पना करून गेलेली पोरं आधी हिरमुसतात. त्यांना पहिल्यांदा खाली बसवा. गुडघ्याएवढ्या उंचीवरून बघितलं की सीतेच्या आसवांची निळीजांभळी टिकली दिसते, पांढरे गेंद दिसतात, पिवळ्या कवल्याला मिकी माऊसचे कान दिसतात. सीतेची आसवं किडे पकडून खाते हे सांगितलं की माझा मुलगा तिथून हलायलाच तयार नसतो. आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नका, तो कातळावरचा मातीचा थर बोटभरच असतो. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून मार्गदर्शकाशी भांडू नका.

महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर पोरांना आधीच सांगून टाका, शेतातली ताजी स्ट्रॉबेरी हिवाळ्यात, आत्ता नाही. पॉइंटांवर धुकं असलं तर समोर नुसती पांढरी भिंत असते. अशा वेळी पाचगणीचं टेबललँड किंवा खाली वाईचा घाट आणि ढोल्या गणपती जास्त रमवतो.

११. परतीचा प्रवास

सोमवारी दुपारी निघा, आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या. मांड्यांचं दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला असतं. घाटात क्लच-ब्रेक करताना पोटरीत पेटका आला तर तो सोडवायला जागा नसते. दुसरं कुणी चालवणारं नसेल तर एसटी किंवा रेल्वे, नाहीतर त्या दिवसापुरता चालक ठरवा. तो खर्च नोंदणीच्या वेळीच हिशोबात धरा.

तासाभराने थांबून दहा मिनिटं चाला. घरी आल्यावर दोन-तीन दिवस धावणं नाही, चालणं चालेल. खाली मांडी घालून बसायचे आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयाचे हाल होतात, ते चार दिवसांत ओसरतात. एकाच पायावर सूज, पोटरी गरम आणि लाल, किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर ओढू नका. खालून नवं येईल तसं ते आपोआप सुटतं. फार ठणकत असेल किंवा पू झाला असेल तरच दाखवा.